शेडवरचा एक्झॉस्ट फॅन: नीट कसा बसवायचा आणि पुढे वर्षानुवर्षं सुरक्षितपणे कसा सांभाळायचा

फॅन एकदाच बसवला जातो, पण त्याच्यापाशी माणूस पुढची पंधरा-वीस वर्षं जात राहतो. कधी बेल्ट बदलायला, कधी ग्रीस भरायला, कधी खालून तक्रार आली की आवाज येतोय म्हणून बघायला. त्यामुळे जागा ठरवायला छतावर गेलो की मी आधी हे बघतो की झाकण उघडून स्पॅनर घेऊन बसणारा माणूस नेमका कुठे बसणार, त्याची पाठ कुणीकडे असणार आणि सप्लाय तो स्वतःच्या हाताने कुठून बंद करणार. बाकी सगळं त्यानंतर.

हे डोक्यात पक्कं बसलं ते एका गोडाऊनमुळे. सर्व्हिससाठी बोलावलं होतं, वर जाऊन बघतो तर फॅन छताच्या कडेपासून जेमतेम हातभर आत आणि मोटारीचं झाकण नेमकं बाहेरच्या बाजूला उघडणारं. चार स्क्रू काढायचे तर कडेवर उकिडवं बसून पाठ खालच्या रस्त्याकडे करावी लागणार होती. आम्ही काम न करता खाली आलो, मालकाला बाहेरून परांची बांधून द्यायला सांगितली आणि दोन दिवसांनी बेल्ट बदलला. ज्याने तो फॅन बसवला होता त्याचा हवेचा हिशोब अगदी बरोबर होता, फॅन चांगला होता, पत्रा गळत नव्हता, फक्त नंतर येणाऱ्या माणसाचा विचार झाला नव्हता. बसवताना तोच फॅन दोन मीटर आत घेतला असता तर एका पैशाचाही फरक पडला नसता.

आधी हवेचा हिशोब

जागेची लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि तासाला किती वेळा आतली हवा पूर्ण बदलायची त्याने परत गुणायचं. समजा शेड २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी ६ मीटर उंच आहे, म्हणजे १८०० घनमीटर हवा. तासाला १० वेळा बदलायची ठरवली तर १८,००० घनमीटर प्रति तास. कॅटलॉग सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट हवा) असेल तर याला १.७ ने भागा, साधारण १०,६०० सीएफएम येतं. नुसता माल साठवलेला असेल तर कमी वेळा बदलून चालतं, भट्टी, वेल्डिंग, वाफ असेल तर बरंच जास्त लागतं, आणि केमिकलचे फ्युम्स किंवा उडणारी पीठासारखी धूळ असेल तर हा साधा हिशोब वापरूच नका, तिथे स्फोटरोधक मोटार, वेगळं डक्टिंग असं सगळं येतं आणि ते डिझाइन त्यातल्या इंजिनिअरनेच करायला पाहिजे.

कॅटलॉगमधला मोठ्ठा आकडा बऱ्याचदा शून्य स्टॅटिक प्रेशरचा असतो, म्हणजे फॅनच्या पुढेमागे काहीच अडथळा नाही असं धरून दिलेला. प्रत्यक्षात जाळी असते, डँपर (हवेच्या वाटेतली उघडझाप होणारी पट्ट्यांची झडप) असतो, कधी डक्ट, कधी फिल्टर. म्हणून फॅन निवडताना तुमच्या सिस्टिमला जेवढं प्रेशर लागणार आहे त्या रांगेतला हवेचा आकडा बघायचा, पहिल्या रांगेतला नाही.

आणि आता ज्यावर सगळ्यात जास्त वेळा फसगत होते ती गोष्ट, आत येणारी हवा. फॅन जेवढी हवा बाहेर टाकणार तेवढी कुठून तरी आत यायलाच पाहिजे. वरच्या उदाहरणात १८,००० घनमीटर प्रति तास म्हणजे सेकंदाला ५ घनमीटर. लुव्हरमधून, म्हणजे भिंतीतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या झरोक्यातून, हवा सेकंदाला अडीच मीटर वेगाने येऊ द्यायची म्हटलं तर २ चौरस मीटर मोकळी जागा लागते, आणि लुव्हरच्या पट्ट्यांमध्ये साधारण निम्मीच जागा मोकळी असते त्यामुळे लुव्हर ४ चौरस मीटरच्या आसपास हवा. हे केलं नाही की दार ओढून उघडेना होतं, फॅन नुसता घुमत राहतो आणि आत गरम ते गरमच. आत गॅसवर चालणारा बॉयलर किंवा गीझर असेल आणि त्याची चिमणी साधी असेल तर प्रकरण जिवावरचं होतं, कारण फॅन चिमणीतूनच हवा खाली ओढायला लागतो आणि जळालेला वायू, त्यातला कार्बन मोनॉक्साइड, परत खोलीत येतो. त्याला वास नसतो. अशा ठिकाणी आत येणाऱ्या हवेची सोय झाल्याशिवाय मी फॅन चालू करून देत नाही, मालक कितीही घाईत असला तरी.

लुव्हर फॅनच्या खालीच लागून नको, समोरच्या भिंतीत खालच्या बाजूला पाहिजे, नाहीतर हवा लुव्हरमधून आली आणि सरळ फॅनमधून गेली असं होतं आणि मधे काम करणाऱ्या माणसाला वाराच लागत नाही.

जागा कुठली

कडेपासून निदान २ मीटर आत, आणि जमत असेल तर जास्तच. स्कायलाइटच्या पत्र्यांपासून लांब. एसीच्या किंवा कुठल्याही ताज्या हवेच्या इनटेकपासून ३ मीटर तरी अंतर, किचनचा धूर असेल तर वारा कुठून वाहतो तेही बघा, नाहीतर टाकलेला धूर त्याच इमारतीत परत येतो. झाकण उघडणारी बाजू छताच्या आतल्या भागाकडे. तिथपर्यंत जायला पायवाट, म्हणजे पर्लिनवर (पत्र्याखालचे आडवे आधार) टेकलेली वॉकवे प्लेट किंवा फळ्या, आणि वाटेत हार्नेस (पडताना माणसाला धरून ठेवणारे अंगावरचे पट्टे) अडकवायला कायमचा अँकर किंवा लाइफलाइन. हे सगळं बसवतानाच करून घ्या, काम झाल्यावर त्याच्यासाठी कुणी पैसे देत नाही.

वजन कशावर येणार हे खालून बघायचं. पत्र्याच्या शेडमध्ये फॅन दोन पर्लिनच्या मधे येतो आणि त्याचं वजन त्या दोन पर्लिनना आडव्या टाकलेल्या चॅनेलवर यायला पाहिजे, पत्र्यावर नाही. पर्लिन कापायचा नाही, काहीही झालं तरी. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये भोक पाडायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा होकार घ्या, सळ्या कुठून गेल्यात ते स्कॅन करून घ्या. आणि दोन्ही बाबतीत खालून त्या जागी केबल ट्रे, स्प्रिंकलरची लाइन, गॅसचा पाइप असं काही जात नाही ना ते डोळ्यांनी बघून मगच वर खूण करा.

वर चढण्याआधी

या कामात माणसं शॉकने जितकी दगावतात त्यापेक्षा पडून जास्त, आणि कडेवरून पडण्याइतकंच पत्र्यातून आरपार पडणंही कॉमन आहे. स्कायलाइटचे फायबरचे पत्रे काही वर्षं उन्हात राहिले की पापडासारखे होतात, आणि त्यातून वरून कोणी रंग मारलेला असला तर ते ओळखूच येत नाहीत. एकदा आमच्या मदतनीसाचा पाय असाच गेला, पूर्ण छताला एकच करडा रंग होता, पाय मांडीपर्यंत आत गेला आणि हार्नेस ताणला गेला म्हणून तो तिथेच अडकला. त्या दिवसापासून आम्ही आधी खालून, आतून छत बघतो, जिथून उजेड येतो ते पट्टे मोजतो, कागदावर चित्र काढतो आणि मग वर गेल्यावर त्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना टेप लावतो. रंग मारलेला असला तरी आतून थोडा वेगळा उजेड दिसतोच. पत्र्यावर चालायचं तर जिथे स्क्रूची ओळ दिसते तिथून, कारण त्याच्या खाली पर्लिन असतो.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्यावर पाय ठेवायचा नाही आणि त्याला ड्रिल, ग्राइंडर लावायचा नाही, ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ते काम परवाना असलेल्या माणसांचं आहे.

शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर या हिशोबाने टेकवायची, वर छताच्या कडेपेक्षा १ मीटर वर निघालेली पाहिजे आणि वरच्या टोकाला बांधलेली.

हार्नेसबद्दल एक गोष्ट जी बऱ्याच जणांना कोणी सांगितलेलीच नसते. २ मीटरचा शॉक अ‍ॅब्सॉर्बरवाला लॅनयार्ड (हार्नेसला अँकरशी जोडणारी दोरी, झटका झेलायला तिचा एक भाग उसवत जातो) पायाच्या पातळीला अडकवला आणि माणूस पडला तर २ मीटर लॅनयार्ड, पावणेदोन मीटरपर्यंत अ‍ॅब्सॉर्बर उसवतो, खाली माणसाचं दीड मीटर शरीर लोंबकळतं आणि वर १ मीटर राखीव धरायचा, म्हणजे सव्वासहा मीटर मोकळी उंची लागते. शेड ५ मीटरची असेल तर हार्नेस घातलेला असूनही माणूस जमिनीवर आपटेल! तिथे लॅनयार्ड इतका आखूड ठेवायचा की माणूस कडेपर्यंत पोचूच शकणार नाही, किंवा लगेच लॉक होणारा रीलवाला ब्लॉक त्याच्या कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने वापरायचा. आणि माणूस लटकलाच तर त्याला काही मिनिटांत खाली कसं घ्यायचं हे वर जाण्याआधी ठरलेलं पाहिजे, हार्नेसमध्ये बेशुद्ध लोंबकळत राहणं सुद्धा जिवावर बेततं. म्हणून वर एकटं जायचं नाही, कधीच नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी.

खाली जिथे हत्यार पडू शकतं तिथे दोरी बांधून माणसं अडवा. ओला पत्रा, जोराचा वारा, ढगांचा गडगडाट असेल तर काम दुसऱ्या दिवशी.

भोक, कर्ब आणि फ्लॅशिंग

कर्ब म्हणजे ज्या चौकटीवर फॅन बसतो ती. तयार छताच्या पातळीपासून कमीत कमी २०० मिमी उंच हवी, आणि जिथे पाणी साचतं अशा सपाट स्लॅबवर मी ३०० मिमी घेतो. कर्बचं बाहेरचं माप फॅनच्या बेसच्या आतल्या मापापेक्षा ३५ ते ४० मिमी कमी ठेवा कारण मधे फ्लॅशिंगचा पत्रा (कर्ब आणि छताच्या सांध्यातून पाणी आत जाऊ न देणारा) आणि गॅस्केट दोन्ही बसायचं असतं, अगदी बरोबर मापाचा कर्ब केला की फॅन ठोकून ठोकून बसवावा लागतो आणि फ्लॅशिंग फाटतं. छत उतरतं असलं तरी कर्बचा माथा पाणसळीत पाहिजे, म्हणजे कर्ब एका बाजूला उंच आणि एका बाजूला बुटका बनवून घ्यायचा. तिरका बसलेला फॅन बेअरिंग लवकर खातो.

पत्रा कापायला ग्राइंडर वापरू नका, निबलर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) किंवा कात्री वापरा. ग्राइंडरच्या गरम ठिणग्या रंगीत पत्र्यावर चिकटतात, त्या दिवशी काही दिसत नाही, आठवड्याभरात बघाल तर भोकाभोवती तांबूस गंजाचे ठिपके, जणू कोणी तपकीर उधळली आहे, आणि प्रत्येक ठिपका पुढे पत्रा खात जातो. शिवाय खाली इन्सुलेशनचा फोम असेल तर ठिणगीने आग लागते. कापून झाल्यावर सगळा कीस ब्रशने गोळा करा.

भोक पाडलं आणि त्याच दिवशी कर्ब बसणार नसेल तर त्यावर जाड प्लाय स्क्रूने घट्ट बसवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'खाली भोक आहे' लिहा. नुसता प्लाय ठेवून जाऊ नका. होतं काय की दुसरा कोणी येतो, छतावर प्लाय पडलाय असं समजून दोन्ही हातांनी उचलतो, प्लाय डोळ्यांसमोर असल्यामुळे पायाखालचं दिसत नाही आणि पुढचं पाऊल सरळ भोकात पडतं. असे मृत्यू या धंद्यात पुन्हा पुन्हा होत आलेत.

फ्लॅशिंगचा नियम एकच, वरून येणारं पाणी नेहमी वरच्या पत्र्यावरून खालच्या पत्र्यावर उतरलं पाहिजे. म्हणजे कर्बच्या चढाच्या बाजूचं फ्लॅशिंग वरच्या पत्र्याच्या खाली सरकवायचं आणि उताराच्या बाजूचं खालच्या पत्र्याच्या वर यायचं, ओव्हरलॅप १५० मिमी तरी. बाजूला फ्लॅशिंग पत्र्याच्या पन्हळीत संपवायचं नाही, उंच घडीवरून पलीकडे न्यायचं. कर्ब ६०० मिमीपेक्षा रुंद असेल तर चढाच्या बाजूला पाणी अडून बसतं, तिथे मधे उंच आणि दोन्हीकडे उतार असलेला छोटा पत्रा बसवून पाणी दोन बाजूंना वळवा. सीलंट सगळ्यात शेवटी. फ्लॅशिंग चुकलं असेल आणि नुसता सीलंट थापला असेल तर एक-दोन पावसाळे निघतात, मग ऊन लागून तो कडक होतो, सुटतो आणि गळायला लागतं. आणि सीलंट न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या, जो लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो घेऊ नका, त्यातलं अ‍ॅसिड गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला गंजवतं.

फॅन वर घेणं आणि बसवणं

स्लिंग (उचलायचे पट्टे) फॅनच्या बेसला किंवा उचलण्यासाठी दिलेल्या कड्यांना लावायचे, मोटारीला किंवा वरच्या टोपीला नाही. एक दोरी खाली धरायला बांधा म्हणजे फॅन हवेत गरगर फिरणार नाही. टोपीचा पत्रा वारा पकडतो, त्यामुळे वारा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे असला की मी लिफ्टिंग थांबवतो. वर आणलेला फॅन लगेच बसवायचा नसेल तर बांधून ठेवा.

कर्बच्या माथ्यावर गॅस्केट चिकटवून त्यावर फॅन ठेवायचा आणि स्क्रू बेसच्या उभ्या पट्टीतून बाजूने मारायचे, चारही बाजूंना. माथ्यावरून मारलेला प्रत्येक स्क्रू म्हणजे पुढे गळणारं भोक. त्यानंतर पाती हाताने फिरवून बघा, सगळीकडे सारखं अंतर आहे का, कुठे घासत नाही ना. बॅकड्राफ्ट डँपरच्या (बाहेरची हवा उलटी आत येऊ न देणाऱ्या) पट्ट्या मोकळ्या हलतात ना तेही आत्ताच बघा, फॅन बसल्यावर तिथे हात जात नाही. पक्ष्यांची जाळी विसरू नका.

किचनचा फॅन असेल तर धूर वरच्या दिशेने फेकणाराच लागतो, आणि तो बिजागरीवर बसवावा म्हणजे साफ करताना आख्खा फॅन एका बाजूला कलवता येतो. कलल्यावर धरून ठेवणारी साखळी हवी आणि केबल तेवढी लांब हवी. तेलाचा निचरा होऊन जमा होणारा डबा लावा, नाहीतर ते तेल छतावर पसरतं, वॉटरप्रूफिंग सडवतं आणि सर्व्हिसला येणारा माणूस त्यावरून घसरतो.

वायरिंग

हे काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियननेच करायचं. पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत असू द्या.

प्रत्येक फॅनच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, पाऊस-धूळ सहन करणारा आयपी ६५चा आयसोलेटर (सप्लाय पूर्ण तोडणारा स्विच) आणि त्याला कुलूप लावायची सोय. खालच्या पॅनेलमधला स्विच पुरत नाही, कारण वर बसलेल्या माणसाला खाली काय चाललंय ते दिसत नाही. केबल ग्लँडमधून (बॉक्सच्या भोकात केबल घट्ट धरणारा भाग) खालच्या बाजूने आत यावी आणि आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्यावा म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाला टपकून जातं, बॉक्समध्ये शिरत नाही. फॅन थरथरतो म्हणून शेवटचा तुकडा लवचीक पाइपमधून. अर्थिंग मोटारीला, फॅनच्या बॉडीला आणि आकाशातली वीज पडण्यापासून वाचवणारी यंत्रणा असेल तर तिच्या नियमाप्रमाणे. ओव्हरलोड रिले मोटारीच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरवर सेट करायचा, 'ट्रिप होतोय म्हणून थोडा वाढवला' असं करायचं नाही, मोटार तशीच जळते. थ्री फेज असेल तर एक फेज गेल्यावर मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर लावा.

आग लागल्यावर फॅन बंद व्हायचा की चालू राहायचा हे इमारतीच्या फायर प्लॅनमध्ये ठरलेलं असतं, ते बघून अलार्मला जोडून घ्या, अंदाजाने नको.

पहिल्यांदा चालू करताना

आधी मेगरने मोटारीचं इन्सुलेशन बघा, ५०० व्होल्टवर निदान १ मेगाओहम, आणि व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर मेगर लावण्याआधी तो सोडवून बाजूला करा नाहीतर तो उडेल. मग क्षणभर चालू करून लगेच बंद करायचं आणि पाती थांबता थांबता फिरण्याची दिशा बॉडीवरच्या बाणाशी जुळते का ते बघायचं.

ही दिशा फार महत्त्वाची आहे. अ‍ॅक्सिअल फॅन (हवा पात्यांतून सरळ आरपार ढकलणारा) उलटा फिरला तर हवा आत येते, लगेच कळतं. पण सेंट्रिफ्युगल फॅन (हवा मधून ओढून कडेने बाहेर फेकणारा) उलटा फिरला तरी हवा बाहेरच टाकतो, फक्त खूप कमी टाकतो. त्यामुळे कोणाला कळतच नाही. एका ठिकाणी वर्षभर सगळे म्हणत होते की फॅन लहान पडला, दुसरा घेऊ, मी वर जाऊन बाण बघितला आणि कोणतेही दोन फेज आपसात बदलून दिले, बस्स, तेवढंच काम होतं.

दिशा बरोबर असली की अर्धा तास चालवा, तिन्ही फेजचे अँपिअर क्लॅम्प मीटरने मोजा, आवाज ऐका, बॉडीला हात लावून थरथर बघा. मग ते अँपिअर, तारीख, बेल्टचा नंबर, बेअरिंगचा नंबर आणि कुठलं ग्रीस भरलंय हे सगळं झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या मार्करने लिहून ठेवा. रजिस्टर हरवतं, ऑफिस बदलतं, मालक बदलतो, झाकण मात्र फॅनबरोबरच राहतं. पाच वर्षांनी आलेल्या माणसाला त्यातूनच समजतं की आज काही बदललंय का.

हवा कमी वाटली म्हणून पुली बदलून वेग वाढवायचा विचार येतो, तेव्हा एवढं लक्षात ठेवा की हवा वेगाच्या प्रमाणात वाढते पण लागणारी पॉवर वेगाच्या घनात वाढते. वेग १० टक्के वाढवला तर पॉवर ३३ टक्के जास्त लागते. मोटारीत तेवढी जागा आहे का ते बघून मगच.

मेंटेनन्स

सुरुवात प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने. फॅन कंट्रोलवरून बंद, आयसोलेटर बंद, त्याला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात आणि टॅगवर नाव. दोन माणसं काम करत असतील तर दोन कुलपं. मग टेस्टर आधी चालू लाइनवर तपासा, मग फॅनच्या टर्मिनलवर व्होल्टेज नाही ना बघा, मग टेस्टर परत चालू लाइनवर तपासा की मधेच तो बिघडला तर नाही. फॅन बंद आहे म्हणून हात घालायचा नाही, थर्मोस्टॅट, टायमर, फायर पॅनेल यातलं काहीही त्याला कधीही चालू करू शकतं. व्हीएफडी असेल तर लेबलवर लिहिलेला वेळ थांबा, सप्लाय काढल्यावरही आतले कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात. सिंगल फेज मोटारीच्या कपॅसिटरचंही तेच.

आणि सप्लाय बंद झाला तरी पाती थांबतीलच असं नाही. वाऱ्याने किंवा शेजारच्या फॅनच्या ओढीने ती आपोआप फिरत राहतात, आणि हळू फिरणाऱ्या मोठ्या पात्यात बोट तुटण्याइतका जोर असतो. म्हणून पाती पूर्ण थांबल्यावर दोरीने किंवा लाकडाच्या ठोकळ्याने अडकवून मगच हात आत.

बेल्ट दर तीन महिन्यांनी बघा. दोन पुलींच्या मधोमध बोटाने दाबला की प्रत्येक मीटर अंतराला साधारण १६ मिमी दबला पाहिजे, म्हणजे पुलींत ४०० मिमी अंतर असेल तर ६ मिमीच्या आसपास. चालू होताना किंचाळतो तो सैल आहे. पण लोक घाबरून तो तारेसारखा ताणतात आणि मग बेअरिंग जातं, दुसरं काही नाही. पुली एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा, पट्टी चार ठिकाणी टेकली पाहिजे. बेल्टच्या एकाच बाजूला झीज आणि खाली काळी भुकटी दिसली तर रेषा चुकलीये. नवीन बेल्ट स्क्रूड्रायव्हरने पुलीवरून चढवू नका, मोटारीचे बोल्ट सैल करून मोटार पुढे घ्या, मग बेल्ट घाला. दोन बेल्ट असतील तर दोन्ही बदला. आणि एक-दोन दिवस चालल्यावर परत येऊन ताण बघा, नवीन बेल्ट थोडा सैल होतोच.

बेअरिंगला ग्रीस कमी भरल्याने जेवढं नुकसान होतं तेवढंच जास्त भरल्याने, सील फाटतं आणि बेअरिंग तापतं. निपल पुसून हाताच्या गनने दोन-तीन स्ट्रोक, शाफ्ट हाताने फिरवत. आधी जे ग्रीस आहे तेच भरा, लिथियम आणि पॉलियुरिया एकत्र झाले की पातळ होऊन वाहून जातात. सीलबंद बेअरिंगला निपलच नसतं, ते खरखरायला लागलं की बदलायचं.

पाती साफ करताना सगळी करा. निम्मी साफ केली आणि पाऊस आला म्हणून खाली उतरलात तर आधीपेक्षा जास्त थरथरेल. पात्यावर छोटी क्लिप किंवा पत्र्याचा तुकडा रिव्हेट केलेला दिसला तर तो कचरा नाही, बॅलन्सचं वजन आहे, काढू नका. मोटारीवर प्रेशर वॉशर मारू नका. किचनच्या फॅनला हे काम वारंवार लागतं, लाकूड-कोळशावर स्वयंपाक असेल तर दर महिन्याला, सतत तळण असेल तर दर तीन महिन्यांनी, मध्यम वापराला सहा महिन्यांनी, कारण डक्टमध्ये साठलेलं तेल पेटलं की आग सरळ छतापर्यंत जाते.

अँपिअर परत मोजा आणि झाकणावरच्या आकड्याशी ताडून बघा. इथे एक चूक होते, अँपिअर कमी आले की लोकांना वाटतं छान, फॅन हलका चालतोय. सेंट्रिफ्युगल फॅनमध्ये अँपिअर कमी होण्याचा अर्थ बहुतेक वेळा फिल्टर चोंदलाय, डँपर अडकलाय किंवा बेल्ट घसरतोय असा असतो. अ‍ॅक्सिअलमध्ये उलट, अडथळा आला की अँपिअर वाढतात. त्यामुळे आकडा कमी असो की जास्त, बदलला असेल तर कारण शोधा.

वर्षातून दोनदा, आणि पावसाआधी नक्की, फ्लॅशिंग, स्क्रूचे रबर वॉशर, ग्लँड, गंज, पायवाट, लाइफलाइन आणि अँकर बघा. पात्याच्या मुळाशी, हबजवळ, केसाएवढी चीर दिसली तर फॅन तिथेच बंद. वेल्डिंग करून चालवू नका, उष्णतेने तिथला धातू कमजोर होतो, बॅलन्स जातो आणि ते पातं फिरता फिरता सुटतं. नवीन इम्पेलर (पात्यांचं चाक) येईपर्यंत कुलूप तसंच राहू द्या आणि खाली लेखी सांगून या.

काम संपलं की घाईघाईने कुलूप काढू नका. आधी हत्यारं मोजा, आत एकही स्पॅनर किंवा चिंधी राहिलेली नको. पाती अडकवलेली दोरी काढा, पाती एकदा हाताने पूर्ण फिरवा, बेल्टचं गार्ड आणि झाकण सगळ्या स्क्रूंसह लावा. सगळी माणसं फॅनपासून बाजूला झाली की ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढायचं, आयसोलेटर चालू करायचा, खालच्या माणसाला फोन करून फॅन सुरू करायला सांगायचं आणि पहिली दहा मिनिटं तिथेच उभं राहून ऐकायचं.

अँपिअर मोजा, तारीख लिहा, मग उतरा.